राजगीरला जमलं, मग उदगीरला का नाही?

"दादा, रग्बीमधी नॅशनल लवकर होतंय म्हनं. खरं का?"

सकाळचे साडेसहा वाजलेले. उदगीरमधल्या एका कॉलेजचं मैदान. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटर मारून धापा टाकत बसलेली. पलीकडे गोळाफेकीची रांग. त्या घोळक्यातला देवणीकडचा एक पोरगा उठून माझ्याकडे आला आणि त्यानं हा प्रश्न टाकला. खेळावर अधूनमधून लिहितो म्हणून पोरं मला असलं काही विचारतात.

मी त्याला उलट विचारलं, "रग्बीची मॅच बघितलीस कधी?"

"नाही. मोबाईलवर एक रील बघितली. कबड्डीसारखंच हाय की थोडं."

त्याला हसू नका. त्याचा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात आहे, फक्त तुम्ही तो एवढ्या सरळ विचारत नाही. क्रिकेटमध्ये लाख पोरं, कबड्डीत गावागावात संघ, कुस्तीत तर लहानपणापासून तालमीत घाम गाळलेले मल्ल. तिथं आपला नंबर कधी लागणार? मग गर्दी कमी असलेला खेळ बघा, दोन-तीन वर्षांत राष्ट्रीय स्पर्धा खेळा, सर्टिफिकेट काढा आणि खेळाडू कोट्यातून अर्ज भरा. हिशेब सोपा आहे.

हिशेब पूर्ण चुकीचा नाही. पण अर्धा आहे. आणि उरलेला अर्धा समजून घ्यायला तुमच्याकडे फार वेळ नाही, कारण भारताच्या युवा रग्बी संघाचं दार अठरा आणि वीस या वयांवर बंद होतं. तुम्ही आता अकरावीत असाल, एफवायला असाल, तर ते दार अजून उघडं आहे. म्हणून आजचा हा लेख.

आधी खेळ काय आहे ते बघू

रग्बी युनियन म्हणजे पंधरा विरुद्ध पंधरा, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव. त्याचंच छोटं रूप म्हणजे सेव्हन्स. सात विरुद्ध सात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदान मात्र तेवढंच मोठं. ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून आहे ते हे सेव्हन्स. भारतात शालेय, विद्यापीठ आणि युवा पातळीवर जास्त करून हेच खेळतात.

नियम पहिल्यांदा ऐकले की डोकं चक्रावतं. बॉल घेऊन पळायचं पुढे, पण हातानं पास द्यायचा तो बाजूला किंवा मागे. पुढे न्यायचा असेल तर स्वतः पळा किंवा लाथ मारा. समोरचा तुम्हाला कमरेला, मांडीला मिठी मारून खाली पाडणार. पडलात की बॉल सोडायचा. समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे पाच गुण. त्यानंतर खांबांमधून किक मारली की आणखी दोन.

आता आपल्याकडचे खेळ आठवा. कुस्तीत दुहेरी पट काढताना खांदा कुठं लागतो, डोकं कुठल्या बाजूला राहतं, दोन्ही हात कसे आवळतात? रग्बीतला चांगला टॅकल त्याच्याच जवळचा आहे. कबड्डीतली साखळी पकड, म्हणजे दोघांनी मिळून एकाला कोंडणं, हे रग्बीचा बचाव रोज करतो. खो-खोमध्ये पळता पळता हुलकावणी देऊन दिशा बदलणं, सूर मारणं, हे सेव्हन्समध्ये सोन्याच्या मोलाचं आहे. आणि शंभर मीटर ज्याला चांगलं पळता येतं, त्याला तर रग्बीचे प्रशिक्षक शोधतच असतात.

म्हणजे देवणीचा पोरगा 'कबड्डीसारखंच' म्हणाला त्यात तथ्य आहे. हा खेळ दुसऱ्या खेळातून उशिरा आलेल्या खेळाडूला सामावून घेतो. सतराव्या वर्षी जिम्नॅस्टिक्स सुरू करून कुणी भारताकडून खेळत नाही. रग्बीत हे घडलेलं आहे, आणि तेही आपल्या देशात.

राजगीरची गोष्ट

ऑगस्ट २०२५ मध्ये आशियातल्या वीस वर्षांखालील मुलामुलींची रग्बी सेव्हन्स स्पर्धा भारतात झाली. कुठं? मुंबईत नाही, दिल्लीत नाही. बिहारमधल्या राजगीरला. नालंदा जिल्ह्यातलं छोटं गाव. डोंगर, गरम पाण्याचे झरे आणि बौद्ध-जैन यात्रेकरू यासाठी ओळखलं जाणारं. तिथं चीन, हाँगकाँग, श्रीलंका, उझबेकिस्तानचे संघ आले आणि आपल्या मुलींनी उझबेकिस्तानला हरवून कांस्यपदक घेतलं.

राजगीर आणि उदगीर. नावं बघा, जुळी भावंडं वाटतात. दोन्ही गावांना इतिहास आहे. आपल्याकडे किल्ला आहे, १७६० ची लढाई आहे, २०२२ साली अख्खं मराठी साहित्य संमेलन आपण आपल्या अंगणात उभं करून दाखवलं. मग रग्बीच्या नकाशावर राजगीर कसं गेलं आणि आपल्याकडं बॉलसुद्धा का नाही?

उत्तर त्याच नालंदा जिल्ह्यातल्या एका मुलीपासून सुरू होतं. श्वेता शाही, शेतकऱ्याची मुलगी. आधी अॅथलेटिक्स करायची. एका स्पर्धेच्या ठिकाणी तिला रग्बी दिसलं. गावाकडं ना प्रशिक्षक, ना संघ. तिनं यूट्यूबवर व्हिडिओ बघून सराव केला आणि पुढे ती भारताकडून खेळली. त्याच राज्यातल्या बाढची स्वीटी कुमारी. तीही आधी धावपटू. तिचा वेग बघून तिला रग्बीकडे वळवलं गेलं, आणि २०१९ मध्ये महिला रग्बीची बातमीदारी करणाऱ्या 'स्क्रमक्वीन्स' या संकेतस्थळानं तिला वर्षातली जगातली सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून निवडलं.

या दोघी काही आकाशातून पडल्या नाहीत. त्यांना एक जागा मिळाली, जिथं जाऊन त्यांचा वेग, त्यांची जिद्द कुणीतरी मोजली. ती जागा म्हणजे राष्ट्रीय शिबिर आणि भारताचा संघ. पुढे बिहार सरकारनं 'मेडल लाओ, नौकरी पाओ' अशी योजना आणली, राजगीरला मोठं क्रीडा संकुल बांधलं. पण क्रम लक्षात घ्या. आधी पोरी खेळल्या, मग सरकार आलं. आपण उलट्या क्रमाची वाट बघत बसलोय. आधी संकुल होऊ द्या, मग बघू.

युवा संघाचं काम काय?

आता मुद्द्यावर येतो. अंडर-१८, अंडर-२० असे राष्ट्रीय संघ कशासाठी असतात? आपल्याला वाटतं, पदकासाठी. पेपरात फोटो, विमानतळावर हार, गावात फ्लेक्स. माझं म्हणणं वेगळं आहे. युवा संघाचं पहिलं काम खेळाडू घडवणं आणि दुसरं काम खेळ पसरवणं. पदक मिळालं तर आनंदच आहे, पण पदकावरून युवा संघाला पास-नापास करायचं नसतं.

बाहेरचं उदाहरण बघा. वर्ल्ड रग्बीची वीस वर्षांखालच्यांची अजिंक्यपद स्पर्धा २००८ पासून सुरू आहे. २०१२ साली ती दक्षिण आफ्रिकेत झाली आणि यजमान जिंकले. त्या पोरांच्या संघात हँड्रे पोलार्ड, पीटर-स्टेफ डू टॉइट, स्टीव्हन किट्सॉफ ही नावं होती. हेच तिघं मोठे होऊन २०१९ आणि २०२३ असे दोन विश्वचषक जिंकले. २०२३ चा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेनं १२-११ असा जिंकला, आणि ते बाराच्या बारा गुण पोलार्डच्या किकचे होते. दोन्ही वेळचा कर्णधार सिया कोलिसी. झ्वाइड नावाच्या गरीब वस्तीत वाढलेला पोरगा, तोही आधी त्यांच्या अंडर-२० संघातूनच गेला.

म्हणजे अकरा वर्षांनी फळ आलं. युवा संघ हा असा लावायचा असतो, आंब्याच्या कलमासारखा. पहिल्याच वर्षी फळ नाही म्हणून कुणी कलम उपटत नाही.

आपल्याकडंही हे छोट्या प्रमाणात घडलंय. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातली सुमित्रा नायक. भुवनेश्वरच्या 'किस' या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत शिकली, तिथंच रग्बी खेळायला लागली. २०१६ मध्ये दुबईत आशियाई अंडर-१८ सेव्हन्समध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ती होती. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, ती भारताच्या पंधरा जणींच्या वरिष्ठ संघात होती, आणि त्या संघानं मनिलामध्ये सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरांच्या खेळात भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. आपल्या पुण्याची वाहबिझ भरूचा, पेशानं फिजिओथेरपिस्ट, हिनं याच काळात भारताचं नेतृत्व केलंय. २०२१ मध्ये ताश्कंदला अंडर-१८ मुलींनी रौप्य आणलं. मग २०२५ चं राजगीर. एकेक पायरी बघा. खालची पायरी नसती तर वरची चढता आलीच नसती.

आणि या यादीत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सगळी नावं मुलींची आहेत. भारतीय रग्बीत युवा पातळीवर मुलींनी जे करून दाखवलंय, ते लक्षात राहण्यासारखं आहे. आपल्याकडं मात्र मुलगी मैदानावर दिसली की अजून चौकशी होते. हाफ पँट कशाला, मुलांच्या अंगावर पडतात तसला खेळ कशाला, पुढे लग्नाच्या वेळी हाडबीड मोडलं तर? ताईंनो, हे प्रश्न जाजपूरमध्येही विचारले गेले असतील आणि नालंदामध्येही. तिथल्या मुलींनी उत्तर शब्दांत दिलं नाही.

दुसरं काम, ज्याबद्दल कुणी बोलत नाही

खेळाडू घडवणं हे युवा संघाचं पहिलं काम सगळ्यांना पटतं. दुसरं काम, खेळ पसरवणं, ते कुणी मोजत नाही. माझ्या मते आपल्यासारख्या भागासाठी तेच जास्त महत्त्वाचं.

समजा, भारताच्या अंडर-२० शिबिरात चाळीस पोरं गेली. संघात बारा निवडली गेली. उरलेली अठ्ठावीस घरी आली. त्यांचं काय? आपल्या पद्धतीप्रमाणं ती 'बाद' झाली. पण त्यांनी तिथं चांगला प्रशिक्षक बघितला, टॅकल सुरक्षित कसा करायचा ते शिकली, आहार-झोप-व्यायामाचं वेळापत्रक बघितलं. ही पोरं आपल्या गावात परत आली आणि त्यांच्या हातात चार बॉल आणि थोडं मानधन दिलं, तर अठ्ठावीस गावांत खेळ सुरू होतो. नाही दिलं, तर अठ्ठावीस पोरं भरतीच्या रांगेत जाऊन उभी राहतात आणि ते शिकलेलं सगळं वाया जातं.

हे काही हवेतलं बोलणं नाही. कोलकात्यात 'जंगल क्रोज' नावाचा क्लब आहे. तिथं वस्तीतली मुलं मैदानावर आली, खेळली, आणि त्यातलीच काही मोठी होऊन लहान मुलांना शिकवायला लागली. एका बॅचनं दुसरी बॅच घडवली. आपल्या तालमीत वस्ताद आणि पठ्ठा ही पद्धत तरी दुसरी काय आहे? आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि नंतर त्यांनी पुण्यात मल्ल घडवले. मोठा मल्ल तालमीत परत आला की तालीम मोठी होते. ही समज आपल्याकडं कुस्तीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. रग्बीला ती शिकवायची गरज आहे.

म्हणून माझं फेडरेशनला आणि राज्य संघटनेला सांगणं आहे की संघ फक्त स्पर्धेपुरता उभा करू नका. स्पर्धेआधी शिबिर, मग विमान, मग फोटो आणि पुढे वर्षभर शांतता, असं झालं तर तो युवा संघ म्हणजे नुसती सहल ठरेल. निवड न झालेल्या पोरांची यादी ठेवा. त्यांना प्रशिक्षकाचा पहिला कोर्स द्या. त्यांच्या जिल्ह्यात स्पर्धा घ्या. संघटनेचं मुख्यालय मुंबईत आहे. देशातला रग्बीचा जुना अड्डा, बॉम्बे जिमखाना, तोही मुंबईत. २०२५ च्या जूनमध्ये पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची, तीही मुंबईतच. चांगलंच आहे. पण मुंबईपासून उदगीर रात्रभराच्या गाडीचं अंतर आहे. ते आपण नेहमी कापतोच. एकदा तिकडून इकडं कुणी यायला काय हरकत आहे?

आता त्या सर्टिफिकेटचं

देवणीच्या पोराला उत्तर द्यायचं राहिलंय. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते मिळवायचा विचार करण्यात काही चूक नाही. घरी दोन एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न, आणि लायब्ररीत तीन-तीन वर्षं बसलेले मोठे भाऊ. ज्याच्या घरी असं आहे, त्याला 'फक्त खेळावरच्या प्रेमासाठी खेळ' असं सांगायला मला लाज वाटते.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या.

एक, नुसता भाग घेतल्याचा कागद पुरत नाही. कुठल्या दर्जाची स्पर्धा, कितवा क्रमांक, तो खेळ शासनाच्या यादीत आहे का, संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे सगळं तपासतात. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. आपल्या विभागाचं ते कार्यालय लातूरलाच आहे. कुणी 'अमुक हजार द्या, नॅशनलचं सर्टिफिकेट देतो' म्हणत असेल, तर सरळ उठून चालायला लागा. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं मागच्या काही वर्षांत बाहेर आलीत. त्यात लागलेली नोकरी गेली, वर गुन्हे दाखल झाले. आणि बघा, ही प्रकरणं अशाच खेळांत जास्त होतात जे फार लोकांना माहीत नसतात. रग्बी तसा खेळ आहे. म्हणजे धोका इथंच आहे.

दोन, 'गर्दी कमी आहे' हे आज खरं आहे, पण ते फार दिवस राहणार नाही. बिहार, ओडिशा, हरियाणा या राज्यांची पोरं वर्षानुवर्षं सराव करतायत. सहा महिन्यांत सर्टिफिकेट घेऊ म्हणून उतरलेल्या पोराला ती चौदा मिनिटांत मैदानाबाहेर काढतील. ज्याला दोन वर्षं रोज मैदानावर यायचंय, त्याला संधी आहे. ज्याला फक्त कागद हवाय, त्याला नाही. आणि खोटा कागद घेणारा प्रत्येक जण एका खऱ्या खेळाडूची जागा खातो. तो खरा खेळाडू तुमच्याच हॉस्टेलमध्ये शेजारच्या खोलीत राहत असतो.

वयाचंही तेच. दाखल्यावर दोन वर्षं कमी लावून अंडर-१८ खेळणारे महाभाग सगळ्याच खेळांत आहेत. बाकी खेळांत ती फक्त फसवणूक असते. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात वीस वर्षांचा गडी सोळा वर्षांच्या लेकरावर सोडणं म्हणजे त्या लेकराची मान धोक्यात घालणं. युवा पातळीवर वयाची मर्यादा का असते, हे एवढ्यावरून समजावं. म्हणूनच एकोणीस वर्षांखालच्या रग्बीत स्क्रममध्ये दीड मीटरपेक्षा जास्त ढकलायला परवानगी नसते. कोवळ्या माना-पाठींचा विचार नियमातच केलेला आहे.

आई-बापाच्या काळजीचं उत्तर

'मोडतोड होईल' ही घरच्यांची भीती खोटी म्हणून उडवून लावू नका. रग्बीत दुखापती होतात. खांदा निखळतो, गुडघा जातो, आणि सगळ्यात गंभीर म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसतो. जगभर या खेळात आज सगळ्यात मोठी चर्चा याच गोष्टीवर चाललीय. वर्ल्ड रग्बीचा नियम साधा आहे. शंका आली की खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत आत घ्यायचं नाही. खेळाडू भांबावला, तोल गेला, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणाला, स्कोअर आठवेना, यातलं एक जरी दिसलं तरी बाहेर. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय परत सराव नाही.

आपल्याकडं याच्या उलट संस्कार आहे. 'काय होत नाही रे, ऊठ, पाणी मार तोंडावर.' ही मर्दानगी रग्बीत जिवावर येते. म्हणून तुमच्या गावात कुणी रग्बी सुरू करणार असेल, तर पहिला प्रश्न हा विचारा की प्रशिक्षकानं टॅकल शिकवायचं प्रशिक्षण घेतलंय का? मैदानावर प्रथमोपचाराची पेटी आणि दवाखान्यात न्यायला गाडी आहे का? नसेल, तर टॅकलवाला खेळ सुरू करूच नका.

मग काय करायचं? टॅग रग्बी. यात कुणाला पाडायचं नसतं. कमरेला दोन्ही बाजूंनी कापडाच्या पट्ट्या खोचायच्या. बॉलवाल्याची पट्टी ओढली की झाला टॅकल. उन्हाळ्यात आपली मैदानं दगडासारखी कडक होतात, तिथं खेळायचा हाच खेळ. जुन्या साडीच्या पट्ट्या चालतात. पास मागे द्यायची सवय, मोकळी जागा शोधणं, एकमेकांच्या पाठीशी राहणं, सगळं यातून येतं. मुलं-मुली एकत्र खेळू शकतात. शाळेतली लहान पोरंही.

उदगीरमध्ये सोमवारपासून

भाषण पुरे. काय करता येईल ते सांगतो.

तुमच्या कॉलेजमध्ये जिमखान्याचे सर किंवा मॅडम असतात. त्यांना विचारा की आपल्या विद्यापीठाचा, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा, रग्बीचा संघ जातो का आणि निवड चाचणी कधी असते? आंतरविद्यापीठ रग्बी स्पर्धा होतात. २०२० मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्समध्येही रग्बी होतं. अंडर-२० चं वय निघून गेलेल्यांसाठी हा रस्ता आहे.

लातूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शालेय स्पर्धांच्या यादीत यंदा रग्बी आहे का ते बघा. मोबाईलवर ऐकलेल्या माहितीवर जाऊ नका, प्रत्यक्ष जा.

चौदा जण गोळा करा. वर्गणी काढून एक-दोन बॉल आणा. आठवड्यातून तीन दिवस, भरतीचा सराव संपल्यावर पाऊण तास. कबड्डीवाले दोन घ्या, कुस्तीवाले दोन, खो-खोच्या मुली घ्या, शंभर मीटरवाला एक तरी हवाच. पहिले तीन महिने फक्त टॅग. यूट्यूबवरून श्वेता शाही शिकली, तुम्हीही पास करायला आणि पळायला शिकू शकता. टॅकल मात्र यूट्यूबवरून शिकायचा नाही, त्याला माणूस लागतो.

आणि संघ उभा राहिला की राज्य संघटनेला पत्र लिहा. 'आम्ही चौदा जण आहोत, रोज खेळतो, आमच्याकडं प्रशिक्षक पाठवा.' मागणी करणारी पोरं समोर आली, की 'तुमच्या भागात कुणाला रस नाही' असं म्हणायची सोय राहत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो आणि थांबतो. १८७३ मध्ये कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. चार-पाच वर्षांत तो बंद पडला. बँकेत शिल्लक होती २७० चांदीच्या रुपयांची. त्यांनी ते रुपये वितळवून एक कप बनवला आणि इंग्लंडला पाठवला. आज इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी लढतात, तो हाच. म्हणजे रग्बी आपल्या देशात दीडशे वर्षांपूर्वी आलं होतं. तेव्हा साहेबांनी आपापसात खेळून घेतलं, गावातल्या पोराच्या हातात बॉल काही गेला नाही. क्लब संपला आणि खेळाची आठवण म्हणून कप तेवढा उरला, तोही परदेशात.

आजच्या युवा संघानं हीच चूक टाळायची आहे. चार शहरांतली पोरं खेळली, पदक आलं, कपाटात ठेवलं, एवढ्यानं भागायचं नाही. बॉल राजगीरला पोहोचला तसा उदगीरलाही पोहोचला पाहिजे.

देवणीच्या त्या पोराला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "लवकर होत नाही. दोन वर्षं लागतात. तुझं वय किती?"

"अठरा चालू हाय."

"मग दोनच वर्षं आहेत."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं विचारलं, "बॉल केवढ्याला येतो, दादा?"

मला वाटतं, पहिल्यापेक्षा हा प्रश्न चांगला आहे. तुमच्या मैदानावर तो विचारणारे आणखी तेरा जण शोधा.